बॅक सील पुन्हा पुन्हा गळतंय? गिअर बॉक्स उतरवण्याआधी क्रँककेसचा दाब मोजा

ट्रकमालकाची तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. बॅक सील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं सील, बदललं, पंधरवडा गेला नाही तोच बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) खालून पुन्हा तेल ठिबकायला लागलं. मालकाला वाटतं सील डुप्लिकेट निघालं. मिस्त्रीला वाटतं क्रँकवर चरा पडलाय. पुन्हा प्रॉपेलर शाफ्ट सोडा, गिअर बॉक्स उतरवा, क्लच आणि फ्लायव्हील काढा. गाडी उभी, भाडं बुडालं, हप्ता मात्र चालूच. त्यानंतर कुणीतरी टर्बोकडे बोट दाखवतो, कारण टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्येही तेल दिसतं. टर्बो बदलूनही तेच झालं की शेवटचा निकाल लागतो: "इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, काम काढावं लागेल." म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांतून खाली येतोय, इंजिन पूर्ण खोलावं लागेल.

यातला एखादा भाग खरोखर खराब असेलही. पण बॅक सील, इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पुढचं क्रँक सील आणि टर्बो हे सगळे आगेमागे तेल सोडायला लागले, तर चार वेगळे दोष शोधत बसू नका. या चारही जागांच्या आत एकच पोकळी आहे, ती म्हणजे क्रँककेस (क्रँक फिरतो ती इंजिनातली बंद जागा), आणि तिथे वायू तुंबून दाब चढतोय. तो दाब मोजायचं साहित्य कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतं. तरीही बहुतेक गॅरेजांत तो मोजला जात नाही, आणि मोजल्याशिवाय उतरवलेला गिअर बॉक्स हा मालकाच्या पैशांचा अपव्यय आहे, असं माझं ठाम मत आहे.

दाब येतो कुठून

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली चेंबरकडे, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याकडे, जातोच. कोऱ्या इंजिनातही जातो. टर्बोच्या इंजिनात जास्त जातो, कारण सिलिंडरमध्ये हवाच दाबून भरलेली असते आणि लोडवर ज्वलनाचा दाब १०० बारच्या पुढे जातो. कंपनीच्या पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात. या वायूबरोबर काजळी, न जळलेलं डिझेल, तेलाचे बारीक थेंब आणि वाफ असते. वाफेचं प्रमाण अनेकांच्या लक्षात येत नाही: १ लिटर डिझेल जळलं की त्यातून जवळपास १ लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण रिंगांतून खाली उतरलेला वाटा क्रँककेसमध्ये येतो. तो वेळेवर बाहेर पडला नाही तर तेलात मिसळतो आणि ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट साय धरतो. सततची छोटी फेरी, पाऊस, गारठा आणि तासन् तास आयडलिंग असेल तर ही साय लवकर दिसते. ती दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट गेलं असं समजू नका. आधी रेडिएटरचं पाणी कमी होतंय का बघा.

वायूला बाहेर काढायचं आणि त्यातलं तेल आत ठेवायचं, अशी दोन्ही कामं ब्रीदरला, म्हणजे क्रँककेसच्या श्वास सोडायच्या तोंडाला, एकाच वेळी करावी लागतात. म्हणून त्याच्या आत जाळी किंवा बॅफल प्लेटा असतात. वायूला वळसे घालायला लावले की तेलाचे थेंब आपटून खाली गळतात. बीएस ४ या धुराच्या जुन्या नियमापर्यंतच्या आपल्या बहुतेक ट्रकांत पुढे एक पाइप चेसिसच्या खालपर्यंत येतो आणि हवेत उघडतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाल्यावर क्रँककेसचा वायूही धुराच्या हिशेबात धरला जातो. त्यामुळे नव्या गाड्यांत तो गाळून टर्बोच्या तोंडाशी परत नेण्याची बंद पद्धत आली.

इथेच एक जुगाड थांबवायला हवा. पेट्रोल गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसचा वायू इंजिनात परत ओढू देणारा) आणून इनलेट मॅनिफोल्डला जोडणारे लोक मी पाहिले आहेत. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या मागे ओढ असते, म्हणून तो तिथे चालतो. टर्बो डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये लोडवर ओढ नसते, उलट बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा, दाब असतो. व्हॉल्व्ह जरासा जरी चुकला तरी तोच बूस्ट क्रँककेसमध्ये घुसतो आणि आजार दुप्पट होतो. डिझेलमध्ये वायू परत न्यायचा असेल तर जागा एकच: एअर क्लीनरनंतर आणि टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या आधी.

टर्बो निर्दोष असूनही तेल का सोडतो

टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. लाखाच्या पुढे आरपीएम फिरणाऱ्या शाफ्टवर रबर टिकणारही नाही. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात आणि त्या एका अटीवर काम करतात: बेअरिंगमधून निघालेलं तेल आपल्या वजनाने, बिनअडथळा खाली चेंबरमध्ये गेलं पाहिजे. म्हणून तर तेल आत आणणारी नळी बारीक आणि बाहेर नेणारी जाडजूड असते. परत जाणारं तेल फेसाळलेलं असतं, त्याला ढकलणारा पंप नसतो.

आता क्रँककेसमध्ये दाब चढला, की त्या ड्रेन पाइपला खालून विरोध होतो. तेल टर्बोच्या पोटात तुंबतं आणि मिळेल त्या बाजूने बाहेर पडतं. कॉम्प्रेसरच्या बाजूने गेलं तर इंटरकूलरमध्ये, टर्बाइनच्या बाजूने गेलं तर सायलेन्सरमधून निळसर धूर. नवा टर्बो बसवला तरी अट तीच राहते, म्हणून तोही गळतो. ड्रेन पाइप चेपलेला असेल, त्यात पॅकिंगच्या पेस्टचा गोळा अडकलेला असेल किंवा कुणी त्याचा उतार बदलून आडवा केला असेल तरीही हेच होतं. हा पाइप उभ्या रेषेपासून ३५ अंशांहून जास्त कलता नसावा आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला असावा. टर्बो बदलण्याआधी हा पाइप काढून आरपार बघायला दहा मिनिटं लागतात.

चोक झालेला एअर क्लीनरही टर्बोला तेल ओकायला लावतो. हवा मिळेना की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती तेलच बाहेर खेचते. चोक इंडिकेटरवर लाल पट्टी आलेली असताना टर्बोबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका.

गळतंय नक्की काय

बेल हाउसिंगखाली दिसणारं तेल बॅक सीलचंच असतं असं नाही. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळून नेमकं तिथेच येतं. गिअर बॉक्सचं पुढचं सीलही तिथेच गळतं. गिअर ऑइल बोटावर चोळून वास घ्या, त्याला गंधकाचा उग्र दर्प असतो आणि ते जाड लागतं. इंजिन ऑइल काळं आणि पातळ. इंजिनाची पाठ डिझेलने धुवा, पूर्ण कोरडी करा, खडूची पूड फुंकून बसवा आणि गाडी लोडवर थोडी चालवून आणा. पुडीवर ओलसर रेघ जिथून सुरू होते ती गळतीची जागा. हे न करता गिअर बॉक्स उतरवला आणि गळती टॅपेट कव्हरची निघाली, अशी उदाहरणं हवी तेवढी सापडतील.

तेलाची पातळी याच वेळी बघा. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी. वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून तेल उडतं. पातळी आपोआप वाढत असेल तर तेलात डिझेल किंवा पाणी उतरतंय. बीएस ६ गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरची) सफाई वारंवार अर्धवट राहिली तरी डिझेल तेलात उतरून पातळी चढते.

दाब मोजायची सोपी पद्धत

ऑइल फिलरचं झाकण उलटं ठेवून ते नाचतं का बघायचं, ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर मी विसंबत नाही. चांगल्या इंजिनातही पिस्टनच्या हालचालीने हवेचे झटके येतात, आतलं फिरणारं गिअर तेल उडवतं, आणि झाकण थोडंफार नाचतंच. शिवाय ही परीक्षा आयडलवर होते. आपला प्रश्न लोडवरचा आहे.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. एका फळीवर तिचा इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला भाग पक्का करा, प्रत्येक उभी बाजू निदान अर्धा मीटर उंच ठेवा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. दिसायला सोपं जावं म्हणून पाण्यात थोडा रंग टाका. नळीचं एक टोक मोकळं, दुसरं क्रँककेसला. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक, तितका दाब. १०० मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ०.०१ बार. यावरून लक्षात येईल की गॅरेजमधल्या साध्या प्रेशर गेजचा काटा इथे हलणारही नाही. म्हणून पाणीच हवं.

क्रँककेसला नळी कुठे जोडायची? अनेक जण डिपस्टिकच्या नळीला जोडतात. काही इंजिनांत त्या नळीचं खालचं टोक तेलात बुडलेलं असतं, आणि मग वाचन खोटं येतं. त्यापेक्षा ऑइल फिलरचं एक जुनं झाकण घ्या, भोक पाडून त्यात निपल बसवा आणि नळी त्याला जोडा. नळी आधी वर नेऊन मग केबिनकडे वळवा, म्हणजे उडालेलं तेल पाण्यापर्यंत येत नाही. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून ती दूर बांधा.

मोजमाप तीनदा करा: आयडलवर, उभ्या गाडीत पूर्ण आरपीएमवर, आणि भरलेल्या गाडीने चढावर. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन बोरघाट चढताना किंवा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला इंजिनाला जे सोसावं लागतं ते गॅरेजच्या आवारात दिसत नाही. फळी केबिनमध्ये क्लीनरच्या हातात द्या, आकडा त्याने वाचायचा. ड्रायव्हरने रस्त्यावरून नजर हलवायची नाही.

किती दाब चालेल, हा आकडा इंजिनानुसार बदलतो आणि तो तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्यापेक्षाही उपयोगी गोष्ट म्हणजे आपल्याच ताफ्यातल्या त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीचं वाचन. एकदा ते लिहून ठेवलं की तुलना करायला पक्का आधार मिळतो.

वाट तुंबली, की वायूच जास्त?

दाब जास्त आला म्हणजे इंजिन गेलं, असा अर्थ होत नाही. दाब दोन कारणांनी चढतो. वायू नेहमीइतकाच आहे पण बाहेरची वाट तुंबली आहे, किंवा वाट मोकळी आहे पण वायूच फार येतोय. पहिल्याची दुरुस्ती एक तासाची, दुसऱ्याची कदाचित लाखाची. म्हणून ही फोड आधी करायची.

ब्रीदरचा बाहेरचा पाइप किंवा होज कव्हरपाशी सोडा आणि त्याच अवस्थेत पुन्हा मोजा. आकडा धाडकन खाली आला तर दोष त्या पाइपात. तसाच राहिला तर ब्रीदरची जाळी किंवा डबी काढून मोजा. आता खाली आला तर दोष जाळीत.

दोन्ही काढूनही ब्रीदरच्या तोंडातून जोरात वायू येत असेल तर त्याचं प्रमाण मोजायला हवं. त्यासाठी त्या तोंडावर एक पत्रा घट्ट बसवा, त्याला मधोमध ठरावीक मापाचं भोक पाडा, आणि वायू फक्त त्या भोकातून जाऊ द्या. कंपनीचं ब्लो-बाय टूलही याच तत्त्वावर चालतं. भोक प्रत्येक वेळी तेच वापरा, कारण भोक बदललं की आकडा बदलतो. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा: वायू दुप्पट झाला की पाण्याचा फरक दुप्पट होत नाही, चौपट होतो. १०० मिलिमीटरचे ४०० झाले तर वायू चौपट झाला असं समजून कुणी घाबरवत असेल, तर तो दुप्पटच झालेला आहे.

वाट कुठे कुठे तुंबते

जाळीत चिखल साचणं हे सगळ्यात नेहमीचं. जाळी डिझेलमध्ये भिजवून धुवा, हवेने फुंका, पूर्ण वाळवा. पेट्रोलने धुऊन ओलीच बसवू नका, वाफ आत जाऊन पेट घेण्याचा धोका आहे.

बाहेरच्या पाइपाचं टोक बघा. खडीच्या क्रशरवर, मुरुमाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत तेलाने ओलं झालेलं टोक धूळ धरतं आणि हळूहळू आतून बंद होत जातं. बाहेरून पाइप जाड दिसतो, आत बोटही जात नाही. मूळ पाइप तुटल्यावर कुणी होज जोडला असेल तर त्याला कुठे पोट पडलंय का बघा. त्या खोलगट भागात तेल-पाणी साचलं की वायूला ते ढकलूनच बाहेर जावं लागतं. गरम होऊन आतला थर सुटलेला होजही तसाच, बाहेरून धड आणि आतून चिकटलेला. जम्मू-काश्मीर, लडाखकडे माल नेणाऱ्यांनी थंडीत टोकाशी बर्फ धरतो का तेही बघावं. वाफ तिथेच गोठते.

आणि ती बाटली! ब्रीदरचं तेल अंगणात सांडू नये म्हणून पाइपाच्या टोकाला पाण्याची रिकामी बाटली बांधायची पद्धत सगळीकडे आहे. तोंड चिंधीने बंद करून बांधलेली बाटली म्हणजे ब्रीदरला बूच. तेल गोळा करायचंच असेल तर डबी मोठी घ्या, तिला आत येणाऱ्या पाइपाइतकंच मोठं बाहेरचं तोंड ठेवा, एक्झॉस्टपासून लांब बसवा आणि नियमित रिकामी करा.

वायू रिंगांचाच असेल असं नाही

वाट मोकळी करूनही वायू जास्त आहे, हे ठरलं तरी हेड खोलायची घाई नको. क्रँककेसमध्ये हवा घुसवणारे आणखी तीन जण आहेत, आणि याच जागी सगळ्यात जास्त इंजिनं विनाकारण खोलली जातात.

पहिला, ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. त्याला तेल इंजिनाकडून मिळतं आणि ते परत इंजिनातच उतरतं. त्याच्या रिंगा झिजल्या की ब्रेकसाठी दाबलेली हवा तेलाबरोबर क्रँककेसमध्ये येते. तपासणी फार सोपी आहे. टाक्या रिकाम्या करा, पाण्याची नळी जोडलेली ठेवा, इंजिन चालू करून आरपीएम स्थिर धरा आणि टाक्या भरू द्या. भरल्या की अनलोडर फुस्स करून सुटतो. त्या क्षणी कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. फुस्सबरोबर नळीतल्या पाण्याचा फरक कमी झाला तर चोर कॉम्प्रेसर आहे. टाकीचा ड्रेन उघडल्यावर काळं तेल येत असेल तर संशय आणखी पक्का. कॉम्प्रेसरचं काम इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही.

दुसरा, टर्बो. त्याच्या झिजलेल्या रिंगांतून एक्झॉस्ट किंवा बूस्ट ड्रेन पाइपातून खाली येतो. ड्रेन पाइप ब्लॉकपासून सोडा, ब्लॉकचं भोक बंद करा, पाइपाचं टोक बादलीत सोडा आणि उभ्या गाडीत थोडाच वेळ इंजिन चालवा. तेल बादलीत जातंय हे विसरू नका, पातळी सांभाळा. पाण्याचा फरक आता कमी झाला तर टर्बो दोषी. उभ्या गाडीत बूस्ट फारसा नसतो, त्यामुळे टर्बो बराच झिजला असेल तरच हा फरक ठळक दिसतो. या अवस्थेत गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

तिसरा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावला की मॅनिफोल्डमध्ये दाब तुंबतो आणि झिजलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडमधून टॅपेट कव्हरखाली येतो. ड्रायव्हरला विचारा, ब्रीदर धूर मारतो तो चढावर की उतारावर? फक्त उतारावर, एक्झॉस्ट ब्रेकच्या वेळी मारत असेल तर रिंगांना दोष देऊ नका. गाइड आणि टर्बोची टर्बाइन बाजू बघा. चांगला ड्रायव्हर या एका प्रश्नाचं जे उत्तर देतो, ते स्कॅनर देत नाही.

रिंगांवर आलाच संशय तर

या तिघांची सुटका झाली तर मग रिंगा, पिस्टन, लायनर (पिस्टन फिरतो ती सिलिंडरची आतली नळी). तरीही सहाही सिलिंडर सारखे गेलेत की एकच, हे बाहेरूनच कळू शकतं. एकेक पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणून डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागेतून हवा सोडा आणि ऑइल फिलरशी कान लावा. ज्या सिलिंडरला तिथून जोरात फुसफुस येईल तो दोषी. हवेच्या दाबाने क्रँक फिरू शकतो, तेव्हा तो अडकवून ठेवा आणि हात फॅनपासून दूर. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चालू इंजिनावर एकेका नोझलचा पाइप ढिला करून ब्रीदर बघतात. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, गाडीत हे कधीही करू नका. तिथे १,००० बारच्या वर दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत जाते. तिथे स्कॅनरनेच सिलिंडर कट करा.

रिंगा का गेल्या, हे शोधलं नाही तर नव्याही जातील. आपल्याकडचं पहिलं कारण धूळ. एअर क्लीनरनंतरचा होज क्रॅक असेल, क्लॅम्प ढिला असेल, फिल्टर दुय्यम दर्जाचा असेल, तर बारीक वाळू सरळ लायनरवर जाते. एअर क्लीनरनंतरच्या पाइपाच्या आतून स्वच्छ फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली किंवा टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलच्या पात्यांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या तर उत्तर मिळालं.

काम काढलेल्या इंजिनाबद्दलही एक गैरसमज आहे. नव्या रिंगांना जपायचं म्हणून मालक गाडी रिकामी, हळू, तासन् तास आयडलवर चालवतात. रिंगा लायनरला बसायला त्यांच्यामागे ज्वलनाचा दाब लागतो. तो मिळाला नाही तर लायनरवर काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि नवं इंजिन कायमचं बॅक कॉम्प्रेशन मारत राहतं. सुरुवातीपासून मध्यम लोड द्या, आरपीएम बदलता ठेवा, पूर्ण लोडवर सलग ताण टाळा. पहिल्या काही दिवसांत ब्रीदर थोडा जास्त धूर देतो, रिंगा बसल्या की तो कमी होतो. त्या काळात दर आठवड्याला वाचन घेतलं तर आकडा उतरताना दिसतो.

बंद पद्धतीच्या गाड्या

बीएस ६ गाडीत वायू गाळणारा फिल्टर असतो, काही युरोपीय इंजिनांत फिरत्या चकत्यांचा सेपरेटर. फिल्टर हा ठरावीक किलोमीटरला बदलायचा भाग आहे, धुऊन परत वापरायचा नाही. तो चोक झाला की क्रँककेसचा दाब चढतो, आणि ज्यांना सेन्सर आहे त्या इंजिनांत दिवा लागतो. स्कॅनरवर एसपीएन १०१ हा दोषाचा कोड आला तर तो क्रँककेस दाबाचाच. फिल्टरमधलं तेल चेंबरमध्ये परत नेणारी नळी आणि तिच्यातला एकाच बाजूला उघडणारा व्हॉल्व्ह यांची तपासणी बहुतेक जण विसरतात. ती नळी तुंबली की नवा फिल्टरही तेलाने भरतो आणि ते तेल टर्बोकडे ओढलं जातं.

या गाड्यांत उलटा दोषही होतो. ओढ नियंत्रित करणारा डायफ्राम फाटला किंवा एअर क्लीनर चोक झाला, तर क्रँककेसमध्ये दाबाऐवजी ओढ तयार होते. मग पुढच्या क्रँक सीलमधून धूळ आत येते. पाण्याची नळी हेही दाखवते, पाणी इंजिनाच्या बाजूला चढतं.

इंटरकूलरमध्ये तेल नको म्हणून ब्रीदरचा होज टर्बोच्या तोंडापासून काढून खाली सोडणारे भरपूर आहेत. हे बेकायदा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे टर्बोच्या तोंडाशी उघडं राहिलेलं निपल. तिथून न गाळलेली हवा सरळ टर्बोत आणि लायनरवर जाते. ज्या रिंगा वाचवायच्या म्हणून हे केलं, त्याच आधी जातात.

दुरुस्तीनंतर

दाब खाली आला, हे नळीवर पाहिल्यावरच सील बदला. आजकालच्या अनेक इंजिनांचं बॅक सील टेफ्लॉनच्या ओठाचं असतं, ते आणि क्रँकचा पृष्ठभाग दोन्ही कोरडे ठेवून, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या गाइडवरूनच बसवायचं. सवयीने तेल लावलं की ते पहिल्या दिवसापासून पाझरतं. क्रँकवर नखाला लागणारी चर असेल तर सीलची जागा मॅन्युअलनुसार किंचित पुढे-मागे करा किंवा स्लीव्ह चढवा.

इंटरकूलर आणि त्याचे होज काढून आतलं तेल पूर्ण रिकामं करा. हे काम टाळण्यासारखं नाही. साठलेलं तेल पहिल्या मोठ्या चढाला एकदम सिलिंडरमध्ये ओढलं गेलं, तर इंजिन त्याच तेलावर पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. तसं झालंच तर उभ्या गाडीत हवेचं तोंड फळी किंवा जाड रबराने बंद करा, हाताने किंवा कपड्याने नाही. चालत्या गाडीत वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून, क्लच न दाबता इंजिन बंद पाडा.

मग भरलेल्या गाडीने तोच घाट, तीच फळी, आणि आलेला आकडा तारीख आणि किलोमीटरसह गाडीच्या वहीत लिहा. यापुढे प्रत्येक ऑइल चेंजला जाळी आणि पाइपाचं टोक बघायचं, आणि पावसाळ्याआधी एकदा नळी जोडायची.